गणवेश उतरल्यावरच बोलता येतं

पहाटे साडेचार

आंघोळ, देवपूजा उरकून नाना पिशवी भरायला बसतात. पिशवीत काय काय आहे ते आधी सांगते, कारण त्यांचं दिवसभराचं काम त्यातच आहे. निवेदनाच्या दहा-बारा प्रती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ची झेरॉक्स, पिवळ्या मार्करने रेघा मारलेली. ‘पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) अधिनियम, १९६६’ हा केंद्राचा कायदा, मोजून तीन-चार पानांचा. लोकसभेत गृह मंत्रालयाने दिलेल्या उत्तरांच्या काही छापील प्रती. आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही. चपातीचा डबा सर्वांत वर.

नाना कल्याणला राहतात. अडतीस वर्षं मुंबई पोलिसांत काढून २०१६ साली ते सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना स्वतःला भीती नाही, पण नोकरीत असलेली पोरं त्यांच्याशी बोलतात, आणि नानांचं नाव छापलं गेलं की त्या पोरांची चौकशी लागू शकते. निवृत्त पोलीस आणि पोलिसांच्या घरच्या बायका मिळून एक लहानशी संस्था चालवतात. तिचं काम एकच: १९६६च्या त्या कायद्यात दुरुस्ती व्हावी आणि पोलिसांच्या सेवाशर्तींबद्दल सरकारशी बोलणारी एक अधिकृत संस्था कायद्याने उभी राहावी, यासाठी खासदारांचे उंबरठे झिजवायचे.

कायदा काय म्हणतो ते गाडीत बसल्यावर नानांनी मला वाचून दाखवलं. कलम ३ प्रमाणे, केंद्र सरकारची किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची स्पष्ट परवानगी नसेल तर पोलिसाला कामगार संघटनेचं किंवा राजकीय संघटनेचं सभासद होता येत नाही. वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या मंडळात मात्र जाता येतं. म्हणजे भजनी मंडळ चालतं, कबड्डीचा संघ चालतो. ‘आम्हाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या’ असं चारजण मिळून म्हणणारं मंडळ चालत नाही. कलम ४ मधली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सकाळी सव्वासात, नायगाव

दादरला उतरून आम्ही चालत नायगावच्या पोलीस वसाहतीत आलो. इथे सशस्त्र पोलिसांचं मुख्यालय आहे. मैदानावर हजेरी चालू होती, आणि नाना त्या बाजूला फिरकले नाहीत. नोकरीतल्या माणसाला ते चारचौघांत भेटतच नाहीत. ते गेले एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे चार-पाच बायका त्यांची वाट बघत होत्या.

कायद्याची बंदी पोलिसावर आहे, त्याच्या बायकोवर नाही. म्हणून निवेदनावर सह्या यांच्या असतात. एकीने चहा ठेवता ठेवता सांगितलं, “हे काल रात्री आठला गेले. आज सकाळी आठला सुटायला पाहिजेत. पण तिकडे कुणीतरी मोठा माणूस येतोय म्हणे, तेव्हा बंदोबस्त लागला. आता दुपार धरून चाला.” तिच्या आवाजात तक्रार अशी नव्हतीच. तिच्या नवऱ्याची ही रोजची गत आहे. दुसरीने मुलाच्या शाळेतल्या पालकसभेचं सांगितलं, तिसरीने नवऱ्याच्या रक्तदाबाचं. पुढच्या महिन्यात नागपूरला अधिवेशन. राज्यभरातून बंदोबस्त तिकडे जाईल, त्यात कोण कोण जाणार याची याद्या निघण्याआधीच चर्चा सुरू झाली होती.

नानांनी वही काढली. ठाणे अंमलदार म्हणून वर्षानुवर्षं स्टेशन डायरी लिहिलेला हा माणूस, त्यामुळे नोंदही तशीच: ‘०७.२५ वा. नायगाव वसाहत. पाच महिला हजर. सदर महिलांनी सांगितले की...’ नाव एकाचंही नाही, बक्कल नंबर नाही, कुठलं पोलीस ठाणं तेही नाही. नुसतं ‘एक कर्मचारी’. वही कुणाच्या हाती लागली तरी कुणाची नोकरी जाता कामा नये, एवढं त्यामागे आहे.

एका तरुण मुलीने विचारलं, “नाना, पण आठ तासांची ड्युटी झाली होती ना?”

झाली होती. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात हा प्रयोग सुरू झाला. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची. तीन पाळ्यांचं गणित त्याने कागदावर मांडून तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांतही ते नेलं गेलं. आहे त्या मनुष्यबळात तीन पाळ्या बसू शकतात हे एका शिपायाने दाखवून दिलं, ही मला महाराष्ट्र पोलिसांच्या अलीकडच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. पण ते आलं आयुक्तांच्या हुकुमाने. नाना त्या मुलीला म्हणाले, “बाळा, हुकुमाने आलेलं हुकुमाने जातं. साहेब बदलले, करोना आला, निवडणूक आली, की पाळ्या पुन्हा बारा तासांच्या. कायद्यात लिहिलेलं असलं तर ते काढायला विधिमंडळात, संसदेत उभं राहावं लागतं.”

केंद्राने नेमलेल्या सोली सोराबजी समितीने २००६ साली पोलिसांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा केला, त्यात सरासरी आठ तासांची ड्युटी लिहिलेली आहे. तो मसुदाच राहिला.

सकाळी नऊ

वसाहतीच्या फाटकाबाहेर एका टपरीवर नानांनी मला १९८२ सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण या विषयावर कुठल्याही कार्यालयात गेलं की समोरचा माणूस पहिलं तेच साल काढतो, तेव्हा ते आधी माहीत असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती. पगार, घरं, साहेबांच्या घरची कामं, या तिच्या तक्रारी. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. नानांनीही लावली होती. नोकरीला चार वर्षं झाली होती. १८ ऑगस्टच्या पहाटे सरकारने संघटनेचे पुढारी पकडले आणि मान्यता काढून घेतली. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. त्या दिवशी वरळी, नायगावचे शिपाई रस्त्यावर उतरले, गाड्या अडल्या, दुकानं लुटली गेली, माणसं मेली, संचारबंदी लागली आणि लष्कर बोलवावं लागलं. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता, त्यामुळे गिरणगाव आधीच पेटलेलं. पुढे अनेक शिपाई बडतर्फ झाले. राज्यात संघटना पुन्हा उभी राहिली नाही.

“ज्या दिवशी दुकानं फुटली त्या दिवशी आमची बाजू संपली,” नाना म्हणाले. “लोकांना आमची कागदावरची मागणी कधी कळलीच नाही. त्यांना दंगल कळली.”

त्या दिवशी शहराचे जे हाल झाले ते खरे होते, आणि हातात शस्त्र असलेल्या माणसाला संपाचा अधिकार नसावा हे मला मान्य आहे. नानांच्या निवेदनातही पहिलंच वाक्य ते आहे: संपाचा हक्क मागत नाही. विभागीय चौकशीत हस्तक्षेपाचा हक्क मागत नाही. मागणी आहे ती सेवाशर्तींवर बोलण्याची.

अशी सोय जगात आहे. लंडनच्या पोलिसांनी १९१८च्या ऑगस्टमध्ये संप केला, दुसऱ्या वर्षी पुन्हा झाला. ब्रिटिश संसदेने १९१९ साली कायदा केला: पोलिसांना कामगार संघटनेत जायला बंदी, आणि त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन नावाची संस्था स्थापन. तोंड बंद केलं, पण त्याच कागदावर बोलायची वाटही लिहून दिली. ती संस्था आजही आहे. पोलिसांवर हात उचलणाऱ्यांना मिळणारी शिक्षा फारच कमी आहे म्हणून तिने खासदारांकडे पाठपुरावा केला, ख्रिस ब्रायंट या खासदाराने खासगी विधेयक मांडलं, आणि २०१८ साली आपत्कालीन सेवेतल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांचा कायदा झाला. इंग्रजांनी १९२२ साली भारतातल्या पोलिसांत असंतोष पसरवणाऱ्यांविरुद्ध जो कायदा केला, त्यातसुद्धा सरकारमान्य पोलीस संघटनेसाठी सूट आहे. स्वतंत्र भारताने चव्वेचाळीस वर्षांनी केलेल्या कायद्यात बंदी आली, पण पर्यायी संस्था काही आली नाही.

दुपारी बारा, खासदारांचं कार्यालय

खासदार साडेअकराला येणार होते. बाकावर आमच्याआधी पाण्याच्या टाकीचं काम घेऊन आलेले लोक, शाळाप्रवेशाची चिठ्ठी हवी असलेली एक आजी, दोन ठेकेदार. नाना पाठ ताठ ठेवून बसले होते. स्वीय सहायकाने कागद वरवर चाळला.

“काका, पोलीस हा राज्याचा विषय. तुम्ही गृहमंत्र्यांकडे जा, मुंबईत.”

नानांनी न बोलता अनुच्छेद ३३ची झेरॉक्स पुढे केली. हा मुद्दा दिवसभरात सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा थांबते. सातव्या अनुसूचीत पोलीस राज्य सूचीत आहे, हे खरं. पण पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर किती मर्यादा घालायची हे ठरवायचा अधिकार अनुच्छेद ३३ने फक्त संसदेला दिला आहे. १९६६चा कायदा त्याच अधिकारात झाला. राज्याचा गृहमंत्री कितीही सहृदय असला तरी त्याला त्यातला स्वल्पविराम हलवता येत नाही. दिल्ली पोलिसांच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघटनेला मान्यता मिळाली ती १९६६ सालीच. पुढे ती काढली गेली. ते भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८६ साली न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. म्हणजे कोर्टाची वाट बंद. उरली संसद.

आणि संसदेत प्रश्न विचारला की गृह मंत्रालयाच्या उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा ठरलेली: ‘पोलीस’ व ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. नानांच्या पिशवीत अशी उत्तरं आहेत.

साडेबाराला खासदार आले. मिळालेली मिनिटं थोडी होती, पण त्यांनी ऐकलं. नानांनी लांबण लावली नाही. केरळमध्ये पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत, बिहारमध्ये शिपायांची आहे, आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे. मग महाराष्ट्राच्या शिपायाला, हवालदाराला का नाही, एवढंच विचारलं. खासदार म्हणाले, “खासगी विधेयक मांडू का?” नानांनी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं. १९७०नंतर एकही खासगी विधेयक संसदेत पूर्ण मंजूर होऊन कायदा झालेलं नाही. मांडलं तर चर्चेसाठी उपयोग होईल, जरूर मांडा. पण आधी अतारांकित प्रश्न विचारा, म्हणजे लेखी उत्तर हाती पडेल. आणि प्रश्न असा घाला की ‘राज्याचा विषय’ म्हणून सुटता येणार नाही.

“मसुदा आणून द्या,” खासदार म्हणाले. प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे आजच्या आज.

बाहेर आल्यावर नानांनी जिन्यावरच नोंद केली. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुपारी दोन, मंत्रालय

सामान्य माणसाला दुपारी दोनला आत सोडतात. रांग, पास, तपासणी. फाटकावरच्या शिपायाने नानांना ओळखलं नाही किंवा ओळख दाखवली नाही. गृह विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याने निवेदन घेतलं, राज्याने केंद्राकडे शिफारस करावी ही मागणी वाचली आणि म्हणाला, “हा केंद्राचा कायदा आहे. आमच्याकडे काय?” आवक शिक्का मारून पोच दिली.

बाराला खासदारांकडचा माणूस म्हणाला राज्याचा विषय, दोनला राज्याकडचा म्हणाला केंद्राचा कायदा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणूनच शिपायाचं गाऱ्हाणं साठ वर्षं कुणाच्याच टेबलावर आलेलं नाही. मला याचा संताप येतो.

कलम ३ मध्ये ‘परवानगी असेल तर’ ही फट आहे. केरळने तिच्यातूनच वाट काढली असणार, तर महाराष्ट्रालाही ती काढता येईल, असं नानांनी त्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं.

दुपारी चार, दादर

एका निवृत्त उपअधीक्षकांच्या घरी मसुदा इंग्रजीत करायचा होता. साहेब आत आले तसे नाना उठून उभे राहिले. साहेबांनी “बसा हो, आता कसला साहेब” म्हटल्यावर बसले, पण खुर्चीच्या कडेवर.

इथे चर्चा रंगली ती नव्या फौजदारी कायद्यांवर. तिन्ही विधेयकं ११ ऑगस्ट २०२३ला लोकसभेत आली, संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीकडे गेली, डिसेंबरात सुधारित रूपात मंजूर झाली आणि १ जुलै २०२४पासून लागू झाली. आता झडतीचं, जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी आणायचं. फिर्यादीला नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवायची. नागरिकाच्या दृष्टीने या गोष्टी चांगल्याच आहेत, आणि दोघंही तसंच म्हणत होते. पण चित्रण करणार कोण, कुठल्या मोबाईलवर, मुद्देमालाचा पंचनामा एका हाताने लिहिताना दुसऱ्या हाताने चित्रण कसं करायचं, रात्री अडीचला नेटवर्क नसलेल्या पाड्यावर काय करायचं, हे समितीपुढे जाऊन सांगेल अशी महाराष्ट्रातल्या शिपायाची मान्यताप्राप्त संघटनाच नव्हती. वकिलांना बोलता आलं, निवृत्त अधिकाऱ्यांना येतं. ज्याच्या हातात तो मोबाईल असणार त्याला नाही.

उपअधीक्षकांनी शंका काढली, आणि ती रास्त होती. अमेरिकेत पोलिसांची मोठी संघटना आहे, फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस, १९१५ साली पिट्सबर्गला स्थापन झालेली. दोन जुन्या तरतुदींमुळे, एक १९७७ची नि दुसरी १९८३ची, सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्या पोलीस, अग्निशामक, शिक्षकांचं सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन कापलं जायचं. या संघटनेने इतरांबरोबर वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात ३२७ विरुद्ध ७५, डिसेंबरात सिनेटमध्ये ७६ विरुद्ध २० मतांनी विधेयक मंजूर झालं आणि ५ जानेवारी २०२५ला बायडेन यांनी सही केली. “पण तीच ताकद,” साहेब म्हणाले, “वाईट पोलिसाला वाचवायलाही वापरली जाते. पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेला, त्यानंतरच्या सुधारणांचं काय झालं? वाटाघाटी २०२१ मध्ये मोडल्याच ना? आपल्याकडे कोठडीत मृत्यू झाला आणि संघटना आरोपी पोलिसाच्या पाठीशी उभी राहिली तर?”

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, म्हणून तर कायद्यात लिहून घ्या म्हणतो. पगार, तास, रजा, घर, साधनं. एवढ्यावरच बोलायचं. गुन्हा केला त्याच्यासाठी संस्था उभी राहणार नाही, हे कलमातच टाका. मीच सही करतो.”

माझ्या मते हे उत्तर पुरेसं आहे. चोवीस तास जागा असलेल्या माणसाच्या हातात कोठडी देऊन ठेवणं नागरिकासाठीही धोक्याचंच आहे.

मसुदा झाला. तीन पोटप्रश्न. पहिला: १९६६च्या कायद्यात दुरुस्तीसाठी राज्यांकडून काही सूचना आल्या आहेत का. दुसरा: कलम ३ खालची परवानगी कोणकोणत्या राज्यांत, कोणत्या संघटनांना दिली आहे. तिसऱ्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला.

संध्याकाळी सात ते नऊ

परतीच्या गाडीत नानांना बसायला जागा मिळाली ती ठाण्यानंतर. फोन सुरू झाले. सोलापूरहून, नाशिकहून, एक गडचिरोलीहून. सगळे नोकरीतले, सगळे हळू आवाजात. एकाची हक्क रजा तिसऱ्यांदा नामंजूर झाली होती. बहिणीचं लग्न होतं. नानांनी त्याला अर्ज कसा लिहायचा ते शब्दशः सांगितलं: लग्नपत्रिका जोड, आधीच्या दोन्ही अर्जांचे दिनांक टाक, ऑर्डरली रूममध्ये साहेबांपुढे स्वतः उभा राहा, आवाज चढवू नकोस, पोच घे. दुसऱ्याला वाटत होतं की समाजमाध्यमावर व्हिडिओ टाकावा. “टाकू नको,” नाना एवढंच म्हणाले. “निलंबित झालास तर तुझ्या घरचं भाडं मी भरू शकत नाही.”

फोन ठेवल्यावर त्यांनी तो नंबर कुठल्याही नावाने साठवला नाही.

रात्री दहा

कल्याणला घरी नात संगणकावर बसली. नाना मागे उभे राहून तिसरा पोटप्रश्न सांगत होते, ती इंग्रजी मसुद्याशी ताडून बघत होती. आजोबांच्या वाक्यात दोनदा ‘सदर’ आलं, ते तिने काढायला लावलं.

शेवटी असा ठरला: पोलीस हा राज्याचा विषय असला तरी पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावरचे निर्बंध अनुच्छेद ३३ अन्वये केवळ संसदच घालू अथवा शिथिल करू शकते, हे सरकारला मान्य आहे काय, असल्यास, सेवाशर्तींबाबत म्हणणं मांडण्यासाठी, संपाच्या हक्काविना, वैधानिक प्रतिनिधी संस्था स्थापन करण्याचा सरकारचा विचार आहे काय, नसल्यास, त्याची कारणं काय?

दहा वाजून वीस मिनिटांनी तो खासदारांच्या कार्यालयाला गेला. नानांनी वहीत नोंद केली आणि खाली उद्याचं काम लिहिलं: सकाळी दहाला स्वीय सहायकाला फोन करून प्रश्न मिळाल्याची खात्री करणे; मंगळवारी पुण्याच्या खासदारांची वेळ मागणे; निवेदनाच्या प्रती संपल्या आहेत, पंचवीस झेरॉक्स.